वाचकांचे प्रश्न : आडवाटेसाठी जुनी आलिशान गाडी घ्यायची, तर कोणती?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी कराडला राहतो. पाटण खोऱ्यात आमची वडिलोपार्जित शेती असून तिकडे जाणारा शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय कोणालाही दाद देत नाही. शिवाय वर्षातून एकदोनदा लांबच्या खडतर प्रवासाला जाण्याची हौस आहे. गाडी आणि तिच्यातले बदल मिळून २० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. लँड रोव्हर डिस्कव्हरी ४, ऑडी क्यू७, पहिल्या पिढीची टोयोटा फॉर्च्युनर, फोर्ड एन्डेव्हर ३.२ आणि मित्सुबिशी पजेरो स्पोर्ट अशा पाच गाड्या डोळ्यांसमोर आहेत. माझे थोरले बंधू म्हणतात, "त्याच पैशात डिस्कव्हरी मिळत असताना फॉर्च्युनर कशाला घ्यायची?" गाडीची उंची वाढवून, मोठे टायर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवण्याचा विचार आहे. आपला सल्ला मिळावा.
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या बंधूंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. नवी असताना फॉर्च्युनरहून कितीतरी महाग असलेली डिस्कव्हरी दहा वर्षांनी तिच्याच भावात मिळते, कारण वर्षे सरली की गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. डिस्कव्हरीचे हवेवर चालणारे सस्पेन्शन, त्याचा कॉम्प्रेसर, उंची मोजणारे सेन्सर आणि या सगळ्यांवर देखरेख करणारे संगणक हे सारे आजही त्या मूळच्या महागड्या गाडीच्याच दराने घ्यावे लागते. टर्बोसारखे मोठे काम निघाले, तर गाडीची वरची बॉडी चासीवरून उचलून काम करणे अनेक गॅरेजांना सोयीचे वाटते, आणि मग मजुरीचा आकडाच छातीत धडकी भरवतो. गाडी म्हणून डिस्कव्हरी ४ अप्रतिम आहे, यात शंका नाही. ती ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते आणि एका बटणावर स्वतःची उंची वाढवते. परंतु जी गाडी स्वतःच उंच होते, तिच्यात बदल करण्यासारखे फारसे उरत नाही आणि बिघडण्यासारखे मात्र पुष्कळ उरते. पाटण खोऱ्यात भर आषाढात ती जमिनीला टेकली, तर तिला पुन्हा उठवणारा माणूस पुण्याच्या अलीकडे भेटणे कठीण आहे.

क्यू७ यादीतून आजच काढून टाकावी. तिचे चारही चाकांना ताकद देणारे तंत्र ओल्या घाटरस्त्यावर आणि बर्फावर फार उत्तम काम करते, पण तिला लो रेंज नाही आणि स्वतंत्र चासीही नाही. आडवाटेवर लो रेंज ही पहिली गरज असते. ट्रान्स्फर केसमधल्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतल्या, या जास्तीच्या गिअरमुळे चाकांवरचा जोर साधारण दुप्पट ते अडीचपट होतो आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, क्लच न जाळता, दगडांवरून चढू शकते. उतरताना तर त्याचे महत्त्व अधिकच, कारण ब्रेक न दाबता इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि चाके घसरत नाहीत. ज्या गाडीला लो रेंज नाही, तिच्यावर कितीही खर्च केला तरी ती आडवाटेची गाडी होत नाही.

आता उरल्या तीन गाड्या, आणि तिन्ही चांगल्या आहेत. एन्डेव्हर ३.२ ही २०१६ साली भारतात आली. पाच सिलिंडरचे २०० अश्वशक्तीचे इंजिन, मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला, कारखान्यातूनच आलेले लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारे) आणि ८०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता पाहिली, तर कागदावर तीच सर्वांत पुढे आहे. चालवायलाही ती तिघींमध्ये सर्वांत आरामशीर आहे. मात्र २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सुटे भाग मिळतात, पण कधी चार दिवसांत तर कधी चार आठवड्यांत. तिच्या इंजिनाची एक सवयही ध्यानात ठेवावी लागते. तेल बदलताना खालचा बोल्ट उघडून गाडी तासभर तशीच ठेवली, तर तेलाचा पंप कोरडा पडून पुन्हा तेल ओढण्यास नकार देऊ शकतो. जुने तेल उतरले की दहा मिनिटांच्या आत नवे भरले पाहिजे. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या मेकॅनिकच्या हाती ती गाडी देऊ नये.

पजेरो स्पोर्ट २०१२ मध्ये आली. तिची बांधणी साधी आहे आणि मागणी कमी असल्यामुळे ती तुलनेने स्वस्त मिळते. तिचे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारे तंत्र, डांबरी रस्त्यावरही वापरता येते, ही पावसाळ्यातल्या घाटात मोठीच सोय आहे. परंतु तिच्या अडीच लिटरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, आणि तो तुटला तर व्हॉल्व्हपासून सगळी दुरुस्ती करावी लागते. बेल्ट कधी बदलला याचे बिल विक्रेत्याजवळ नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून ते पैसे किमतीतून वजा करावेत.

माझे मत मात्र फॉर्च्युनरकडे झुकते, आणि तेही २००९ पासून आलेल्या तीन लिटरच्या, हाताने गिअर टाकायच्या फोर बाय फोर गाडीकडे. तिच्यात चारही चाकांना ताकद कायम मिळते, मधले, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले, डिफरन्शियल लॉक करता येते आणि हे सगळे बटणाने नव्हे, तर एका साध्या दांडीने होते. तिचे काम जाणणारा मेकॅनिक कराडातच काय, पाटणमध्येही भेटेल. फक्त एक काळजी घ्यावी. २०१२ पासून ही गाडी फोर बाय टूमध्येही, म्हणजे फक्त दोन चाकांना ताकद देणाऱ्या रूपातही, विकली गेली आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हा जाहिरातीवर विसंबू नये. गिअरच्या दांडीशेजारी दुसरी दांडी आहे का, हे स्वतः पाहावे. या इंजिनाचा ठाऊक असलेला दोष म्हणजे इंजेक्टरखालच्या वायसर झिजल्या की जळलेला वायू तेलात मिसळतो, काजळी साचते आणि तेल ओढणारी जाळी तुंबते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखड जास्त ऐकू आली, तर तेथेच थांबून इंजेक्टर तपासून घ्यावेत.

पण गाडीची जात ठरली म्हणजे काम झाले असे नाही. खरी निवड त्या जातीतल्या नेमक्या एका गाडीची असते, आणि बहुतेक माणसे येथेच फसतात. कराडच्या माणसाला हे मी विशेष आग्रहाने सांगतो, कारण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून आपल्याच भागात विकल्या गेल्या आहेत. मागे एका मित्रासाठी अशी एक एसयूव्ही पाहायला गेलो होतो. रंग चकचकीत, आतले कातडे नवे, सुगंधी फवारा मारलेला. मी चालकाचा सीटबेल्ट धरला आणि अगदी शेवटपर्यंत, पट्टा रिळातून आणखी निघेना इतका, बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तांबूस गाळाची रेघ होती, आणि तिच्या पलीकडचा पट्टा वेगळ्याच रंगाचा होता. विक्रेता क्षणभर त्या पट्ट्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, पाणी फक्त सीटपर्यंतच आलं होतं." पण अनेक महागड्या गाड्यांचे काही संगणक आणि तारांचे जोड सीटखालीच असतात. ती गाडी आज चालते, सहा महिन्यांनी मात्र एकेक दिवा लागू लागतो आणि दोष कोठे आहे ते कोणालाच सापडत नाही.

म्हणून सीटबेल्ट ओढून पाहावा, सीटच्या रुळांवरचा गंज बोटाने चाचपावा, गालिचा उचलून खाली गाळ आहे का ते पाहावे. डिफरन्शियलचे तेल थोडे बाहेर काढायला सांगावे, आणि ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. चासीवर कोठे नवे वेल्डिंग दिसते का, हे गाडी रॅम्पवर चढवूनच कळते. शेवटी ओल्या मातीच्या चढावर लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता ती किती शांतपणे चढते ते पाहावे. कोरड्या डांबरावर मधले लॉक लावून वळू नये, त्याने गिअरांवर ताण येतो.

दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. त्यांचा मोह झाला, तर ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातला कर आणि नव्या नोंदणीचा खर्च आधी जोडून पाहावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. फॉर्च्युनरच्या पहिल्या काही वर्षांतल्या गाड्यांना हा मुद्दा थेट लागू पडतो.

बदलांबाबत माझी विनंती अशी, की पहिले वर्ष काहीही बसवू नये. २० लाखांतले निदान तीन लाख बाजूला ठेवून आधी गाडी मूळच्या अवस्थेत आणावी. सस्पेन्शनचे बुश, शॉकअब्सॉर्बर, ब्रेक, रेडिएटरचे पाइप, सगळी तेले आणि डिफरन्शियलच्या श्वासनळ्या यांवर हा खर्च करावा. या श्वासनळ्यांची उंची वाढवणे हे हजार-दोन हजारांचे काम आहे, पण ओढ्यात गाडी उतरवणाऱ्याला ते विंचपेक्षा जास्त उपयोगी पडते. तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. नळीचे तोंड वर इंजिनाच्या खोलीत नेले, तर तिथून पाण्याऐवजी हवा आत जाते.

त्यानंतर टायर घ्यावेत. फॉर्च्युनरचे मूळ माप २६५/६५ आर१७ आहे. त्याच मापाचे, चिखल-दगड दोन्हींना चालणारे टायर घेतले, तर आपल्या तीन किलोमीटरचा प्रश्न बहुधा तेथेच सुटेल. मोठ्या टायरचा हिशेबही सांगून ठेवतो. २६५/७० आर१७ बसवला, तर टायरचा व्यास सुमारे २६ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी जमिनीपासून जेमतेम १३ मिलिमीटर उंच होते. त्याच्या बदल्यात वेगाचा काटा १०० दाखवत असताना गाडी १०३ च्या वेगाने धावते आणि पहिल्या गिअरचा जोर तेवढाच कमी होतो. स्प्रिंग बदलून उंची वाढवायचीच असेल, तर दीड ते दोन इंचांवर थांबावे. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या या गाड्यांत त्याहून जास्त उंची दिली की पुढच्या ॲक्सलचे जोड तिरके चालतात, त्यांची रबरी आवरणे फाटतात आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

विंच सर्वांत शेवटी घ्यावा, आणि दुसऱ्या गाडीच्या सोबतीने जाण्याची सवय असेल तर घेऊही नये. त्याआधी चासीला घट्ट बसवलेले ओढण्याचे हुक, चांगला पट्टा आणि फावडे घ्यावे. पट्टा बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला कधीही बांधू नये. तो गोळा तुटून माणसाच्या अंगावर आला तर जीव जातो.

प्रश्न : आमच्या गावात एकाने एसयूव्हीला पुढे लोखंडी बंपर बसवला, तर पोलिसांनी दंड केला. नेमके काय चालते आणि काय नाही? आम्ही मित्र सुट्टीत सड्यांवर (कोकणातल्या कातळी पठारांवर) गाड्या घेऊन जातो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. लोखंडी बुलबार बसवू नयेत, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे, आणि त्याला कारणही आहे. पायी चालणाऱ्याला त्यांचा मार जबर बसतो, शिवाय टक्कर झाल्यावर एअरबॅग उघडण्याची वेळ त्यांच्यामुळे चुकू शकते. गाडीखाली बसवायच्या संरक्षक पत्र्याने मूळ तपशील बदलत नाही. इतर कोणताही बदल आधी आरटीओत विचारून आणि विमा कंपनीला लेखी कळवून करावा, कारण न कळवलेल्या बदलाचे निमित्त करून दावा नाकारला जाऊ शकतो.

सड्यांबाबत मात्र कळकळीने सांगतो, तेथे गाडी चढवू नका. रत्नागिरी-राजापूरच्या जांभ्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. त्यांतल्या अनेक रेषा बोटभर खोल आहेत आणि गवत वाढले की दिसतही नाहीत. दोन टनांची गाडी चिखलाच्या टायरनी त्यांच्यावरून वळली, तर हजारो वर्षे टिकलेली रेघ एका दुपारी जाते. पावसाळ्यात सड्यावर जी इवलीशी फुले येतात, तीही बोटभर मातीच्या थरावरच उगवतात. ओल्या वाळूत गाडी घालणेही टाळावे. भरती आली की ओढणारे वाहनसुद्धा तेथवर पोहोचत नाही. गाडीची ताकद पाहायची असेल, तर ओळखीच्या शेतकऱ्याचे रान मागून घ्यावे किंवा त्यासाठीच तयार केलेल्या खासगी मैदानावर जावे.

प्रश्न : चिखलात टायरमधली हवा किती ठेवावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : रस्त्यावर ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) असेल, तर मऊ चिखलात आणि वाळूत १८ ते २० पर्यंत उतरवावी. टायर लांबट पसरतो आणि रुतण्याऐवजी तरंगतो. अणकुचीदार दगडांत एवढी उतरवू नये, कारण टायरची बाजू फाटते. हवा कमी असताना वेग ताशी ३० च्या आत ठेवावा, जोराने वळू नये आणि डांबरावर येताच ती पुन्हा भरावी. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजण्याचा काटा गाडीत असलाच पाहिजे.