भिंतीतल्या कप्प्यातले खाणे कितपत सुरक्षित?

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी अ‍ॅम्स्टरडॅमला राहते. तिथे भिंतीत काचेची लहान दारे असतात, पैसे भरले की दार उघडते आणि आतला गरम पदार्थ हाताने उचलून घ्यायचा, असे ती सांगते. रात्री अभ्यासिकेतून परतताना ती पुष्कळदा तेच खाते. पदार्थ कोणी केला, कधी केला, काहीच दिसत नाही. असले खाणे सुरक्षित असते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. आपली कन्या सांगते ती दुकाने बहुधा ‘फेबो’ची असावीत. १९४१ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये बेकरी म्हणून सुरू झालेले हे नाव आज तिथे अशा कप्प्यांसाठीच ओळखले जाते. या भिंतीमागे स्वयंपाकघर असते. तिथली माणसे पदार्थ तळून मागच्या बाजूने उबदार कप्प्यांत ठेवतात आणि गिऱ्हाईक पुढून दार उघडते. म्हणजे यंत्र फक्त वाढण्याचे काम करते, रांधणारे हात माणसाचेच असतात.

ही पद्धत जुनी आहे. बर्लिनमध्ये १८९५ साली असे उपाहारगृह निघाले आणि हॉर्न व हार्डार्ट या भागीदारांनी १९०२ मध्ये ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला नेले. पुढे न्यूयॉर्कमध्ये पाच सेंटचे नाणे टाकून मूठ फिरवली, की डॉल्फिनच्या तोंडाच्या तोटीतून कपभर कॉफी येई. मला त्यांचा एक नियम फार मोलाचा वाटतो : तयार कॉफी वीस मिनिटांत खपली नाही तर ती ओतून देऊन नवी करायची, आणि दिवसाअखेर उरलेले पदार्थ शिळ्या मालाच्या वेगळ्या दुकानांत कमी दराने विकायचे. लोकांचा विश्वास बसला तो अशा शिस्तीमुळे. त्यांचे शेवटचे उपाहारगृह १९९१ मध्ये बंद झाले.

सुरक्षिततेचे गणित तापमान आणि वेळ या दोन गोष्टींवर चालते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. अनुकूल परिस्थितीत काहींची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. म्हणून गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहायला हवा. कोमट पदार्थ सर्वांत वाईट. तो पुन्हा गरम केला की निर्धोक होतो, हा आपल्याकडचा समज मात्र सोडून द्यावा, कारण स्टॅफिलोकोकस या जिवाणूने एकदा सोडलेले विष उकळूनही सहजी नष्ट होत नाही.

आपल्या कन्येला इतके सांगा. गर्दीच्या वेळी घेतलेला पदार्थ बहुधा नुकताच भरलेला असतो, कारण कप्पे भराभर रिकामे होतात; उशिरा रात्री सगळे कप्पे भरलेले आणि दुकान ओस दिसले, तर थोडा विचार करावा. ‘क्रोकेट’ म्हणजे आत सारण भरून तळलेला कुरकुरीत रोल; तो मोडल्यावर आतून वाफ यायला हवी. वरचे कवच मऊ पडले असेल आणि आतले सारण कोमट लागत असेल, तर तो खाऊ नये. फ्रेंच फ्राइज मिळतात त्या खिडकीवर माणूस असतो, त्याला दाखवावा. आपण शाकाहारी असाल तर हेही लक्षात असू द्या, की क्रोकेटमध्ये सहसा मांसाचे सारण असते, चीजचे सारण असलेला पदार्थ ‘कासूफ्ले’ या नावाने मिळतो.

महाविद्यालयातल्या किंवा स्टेशनवरच्या थंड यंत्रातले सँडविच आणि दुधाचे पदार्थ यांना माझ्या मते जास्त जपावे, कारण तिथे मागे स्वयंपाकघर नसते आणि वीज मध्येच गेली होती का, हे बाहेरून कळत नाही. पाकिटावरची तारीख वाचावी, पाकीट हाताला नीट गार लागते का पाहावे, आणि ते फुगलेले असेल तर पैसे गेले तरी चालतील, पण उघडू नये.