गाव महापालिकेत गेल्यावर स्मशानभूमी कोणाकडे जाते?

थोडक्यात सांगायचं तर महापालिकेकडे. 2021 ला पुण्यात जी 23 गावं आली त्यांच्या ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, दप्तर, मालमत्ता सगळं पालिकेकडे गेलं, त्यात स्मशानभूमी पण आलीच. महापालिका अधिनियम 1949 चं कलम 63 बघा, अंत्यविधीच्या जागा सांभाळणं आणि लागली तर नवीन देणं हे पालिकेचं बंधनकारक काम आहे, मर्जीचं नाही. हा विषय घटनेतच राज्याच्या यादीत आहे, म्हणून कायदा राज्याचा.

पण खरी गोची सातबाऱ्यात असते. आधी उतारा काढा. जागा गायरान असेल तर मालक सरकार, पालिका फक्त सांभाळणार, आणि जुन्या गावात बऱ्याचदा कोणाच्या तरी शेताच्या बांधाला नुसतं तोंडी ठरलेलं असतं, तिथे मग वारस उभे राहतात. वक्फची दफनभूमी असेल तर प्रकरण वेगळं, तो केंद्राचा कायदा.

आमच्याकडे शेडचा पत्रा उडाला, चितेची लोखंडी जाळी वाकली, पावसात ताडपत्री धरून अंत्यविधी केलाय आम्ही. तोंडी सांगून काही हललं नाही. क्षेत्रीय कार्यालयात उताऱ्याची झेरॉक्स आणि फोटो लावून लेखी अर्ज द्या, पोच मात्र न विसरता घ्या.