वाचक विचारतात: एवढी महागडी राइड सारखी बंद का असते?

गेल्या अंकात जगातल्या उंच रोलरकोस्टरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, तेव्हा या वेळी फक्त तेच घेतोय.

प्रश्न: आम्ही एडिसनला राहतो. जवळच्या सिक्स फ्लॅग्स पार्कमधलं किंगडा का हे रोलरकोस्टर 2025 च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडलं, त्याचा व्हिडिओ घरात सगळ्यांनी बघितला. तेव्हाचं जगातलं सगळ्यात उंच रोलरकोस्टर आणि 20 वर्षंसुद्धा नाही टिकलं, मग मुळात डिझाइनच गंडलं होतं का? — एक वाचक, न्यू जर्सी

गंडलं होतं असं मी म्हणणार नाही, पण हट्टी होतं हे नक्की. उंची 456 फूट, म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरच्या दीडपटीहून जास्त, आणि वेग साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर. आता हा वेग आणायचा कुठून? तर पंप तेल दाबून मोठ्या टाक्यांमध्ये भरायचे, त्या टाक्यांत पलीकडच्या बाजूला नायट्रोजन असायचा, तो दाबला जायचा, आणि गाडी सोडायची वेळ आली की व्हॉल्व्ह उघडून तो सगळा दाब एकदम हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या, मोटर्सवर. मोटर्स ड्रम फिरवणार, ड्रमवर वायर रोप गुंडाळला जाणार, रोपला अडकवलेला एक छोटा गाडा प्रवाशांची गाडी ओढत नेणार, गाडी सोडून देणार, स्वतः ब्रेक मारून थांबणार आणि परत मागे येऊन पुढच्या गाडीला जुंपला जाणार. त्या क्षणाची ताकद 20,800 हॉर्सपॉवरपर्यंत जायची म्हणतात. आणि हे एकदा नाही, दिवसभर, दर थोड्या वेळाने.

साध्या राइडमध्ये चेन गाडीला हळूहळू वर नेते, पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं, चेनला फारसा धक्का बसत नाही. इथे मात्र सील (तेल गळू न देणाऱ्या रिंगा), व्हॉल्व्ह, रोप, ड्रम, सगळ्यांना प्रत्येक फेरीला कमाल मार. त्यात सगळ्या गाड्यांसाठी ओढणारी यंत्रणा एकच, म्हणजे एक सील गळायला लागला की अख्खी राइड बंद, दुसरा रस्ताच नाही.

याचा पहिला हिसका लगेच बसला. मे 2005 मध्ये राइड सुरू झाली आणि 8 जूनला चाचणी चालू असताना, गाडीत कोणी नसताना, रोप ज्या चरातून धावतो तिथला एक बोल्ट गेला. चराचं अस्तर सुटलं, रोप त्यावर घासला, ठिणग्या उडाल्या, रोप खराब झाला आणि सीलसुद्धा ताणले गेले. कारण एक बोल्ट, पण राइड परत सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. पुढे 2009 च्या मे मध्ये वीज पडली, तेव्हाही ऑगस्टपर्यंत बंद. पार्कचा खरा सीझन उन्हाळ्याचा, त्यातला मोठा तुकडा असा गेला की हिशोबवाल्यांचं तोंड कसं होत असेल ते सांगायला नको. शेवटची फेरी नोव्हेंबर 2024 मध्ये झाली. विक्रम करायचा म्हणून बांधलेल्या यंत्राला रोजच्या कामाची सवय लावणं कठीण, असं माझं मत, पार्कवाल्यांचं वेगळं असू शकेल.

प्रश्न: किंगडा काची गाडी टॉवरच्या टोकापर्यंत जाते आणि उलटी खाली येते असे व्हिडिओ आहेत. हा अपघातच ना? — ठाणे

नाही, याला रोलबॅक म्हणतात आणि राइड बांधतानाच तो धरून चाललेले असतात. गणित बघा, ताशी 206 च्या वेगाला हवेचा आणि चाकांचा अडथळा नसता तर गाडी साधारण 165 मीटर चढली असती. टॉवर 139 मीटरचा. मधला जो फरक आहे त्यातला बराचसा वारा आणि चाकं खातात, आणि उरलेल्या चिमूटभर वेगावर गाडी माथा ओलांडायची. समोरून जोराचा वारा आला, थंडीने चाकं कडक पडली, किंवा लाँच, म्हणजे सुरुवातीचा धक्का, जरासा कमी पडला की संपलं, गाडी परत.

म्हणून लाँच ट्रॅकवर ब्रेकच्या पात्या असतात, गाडी सुटताना त्या खाली जातात आणि गाडी पुढे गेली की वर येतात. हे चुंबकीय ब्रेक आहेत, रोखायला वीज लागत नाही, घासणारे पॅडही नाहीत, त्यामुळे लाइट गेली तरी गाडी थांबतेच. आतल्या लोकांना तर उलट एक फेरी फुकट मिळाल्यासारखं वाटतं!

प्रश्न: एका पार्कमध्ये (नाव लिहीत नाही) आमची गाडी चढणीवर मध्येच थांबली, वीस-पंचवीस मिनिटं कोणी काही सांगेना, मग पायऱ्यांवरून उतरवलं. काहीतरी तुटलं असणार ना? — पुणे

बहुतेक काहीच तुटलं नसणार. रोलरकोस्टरचा ट्रॅक ब्लॉकमध्ये वाटलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, आपल्या लोकलच्या सिग्नलचं तत्त्वच हे. पुढची गाडी ब्लॉक सोडून गेली असं सेन्सरने सांगितलं नाही, किंवा दोन सेन्सरचं एकमेकांशी जुळलं नाही, तर कॉम्प्युटर वाद घालत बसत नाही, मागच्या गाड्या जिथे थांबवता येतात तिथे थांबवतो. चढण ही अशीच जागा, म्हणून तिथे पायऱ्या असतात. मग टेक्निशियनने जाऊन डोळ्यांनी बघायचं, रीसेट करायचं, रिकाम्या गाड्या फिरवायच्या आणि मग लोक बसवायचे, यात तास सहज जातो. सेन्सरवर पाणी किंवा धूळ बसली तरी एवढं रामायण होतं. कोणी काही सांगेना ही तक्रार मात्र शंभर टक्के रास्त, माईकवरून दोन वाक्यं बोलायला काय जातं हे मलाही कळलेलं नाही.

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. वायर रोपऐवजी मॅग्नेटवर लाँच केला तर ही कटकट संपेल ना? — कोल्हापूर

रोपची कटकट संपेल, बाकीची नाही. ओहायोत सीडर पॉइंट पार्कला टॉप थ्रिल ड्रॅगस्टर होती, 2003 ची, 420 फूट, किंगडा काचीच मोठी बहीण, तोच हायड्रॉलिक लाँच. ऑगस्ट 2021 मध्ये गाडीवरून एक धातूची पट्टी सुटून खाली रांगेतल्या बाईंना लागली, गंभीर दुखापत झाली, आणि राइड बंद झाली. मग पार्कने हायड्रॉलिक काढून टाकलं, इटलीच्या झाम्पर्लाकडून लिनियर मोटर (गाडीला चुंबकाने सरळ रेषेत ढकलणाऱ्या) बसवल्या, मागच्या बाजूला आणखी एक 420 फुटी मनोरा उभा केला. आता गाडी एका दमात वर जात नाही, पुढे, मागे, परत पुढे असे तीन धक्के खाऊन जाते, म्हणजे एका धक्क्यावरचा भार कमी. कागदावर फार छान कल्पना आहे ही.

टॉप थ्रिल 2 या नावाने ती 4 मे 2024 ला सुरू झाली आणि आठवडाभरात बंद! या वेळी दोष लाँचचा नाही, नव्या गाड्यांमध्ये फेरबदल करायचे होते. त्या वर्षीचा उरलेला सीझन तसाच गेला, परत सुरू व्हायला 2025 उजाडलं. तेव्हा डिप्लोमाच्या प्रोजेक्टला मोटर घ्यायची तर खुशाल घ्या, पण चाकं, बेअरिंग आणि फटीग (पुन्हा पुन्हा ताण पडून धातू थकणं) यावर एक चॅप्टर जास्त वाचा, परीक्षेत नाही आला तरी.

प्रश्न: लांबून जातो, तिकीट काढतो आणि नेमकी तीच राइड बंद. काही उपाय? — नाशिक

सकाळी निघायच्या आधी पार्कच्या ॲपवर किंवा फोन करून विचारा, ठरलेला मेंटेनन्स असेल तर आधी कळतो. गेट उघडल्यावर आधी तीच राइड गाठा, खाणंपिणं नंतर. पाऊस-वाऱ्याने बंद झाली असेल तर संध्याकाळी परत एक चक्कर मारा, मोठ्या बिघाडाने बंद असेल तर तिथे उभं राहून उपयोग नाही. तिकिटामागचं बारीक अक्षर वाचून ठेवा, एखादी राइड बंद म्हणून पैसे परत मिळणार नाहीत असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, तरीपण काउंटरवर नीट बोलून बघा, कधीकधी पुढच्या वेळचा पास देतात.