लगाम टाळणारं साडेतीन वर्षांचं घोडं: पेल्हम विकत घेण्याआधी वाचा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. साडेतीन वर्षांचा घोडा, डावीकडे वळवला की डोकं वर फेकतो, लगाम दिसला की मान छताला लावतो, आणि ट्रेनर म्हणतोय हट्टी आहे, पेल्हम (साखळी आणि दांड्यांचा कडक लगाम) लावू आणि नोजबँड (नाकावरचा पट्टा) दोन भोकं आवळू. आमच्या काठेवाडी घोडीबद्दल अगदी हेच ऐकलंय, म्हणून लांबलचक लिहिते. मी व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, नाही, एका घोडीची मालकीण आहे, तेवढ्याच वजनाने घ्या. लंजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं), हलका हात वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडून देते.

या वयात घोड्याच्या तोंडात काय चाललंय ते आधी बघा. साधारण अडीच ते साडेचार वर्षांत त्याचे दुधाचे चोवीस दात पडून नवे येतात, दुधाच्या दाढांच्या टोप्या कधीकधी अर्धवट अडकून राहतात आणि हिरडी सोलते. नेमकं याच काळात आपण तोंडात लोखंड घालतो!! शिवाय वरच्या जबड्यात पहिल्या दाढेच्या पुढे वुल्फ टूथ, म्हणजे बिनकामाचा छोटा जादा दात, असू शकतो. आमच्या घोडीचा तर हिरडीच्या आतच राहिला होता, वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. गुंगीचं इंजेक्शन देऊन तोंडाला जबडा-फाक लावल्यावर डॉक्टरांनी माझं बोट तिथे नेलं तेव्हा हिरडीखाली शेंगदाण्याएवढा कडक दाणा लागला, आणि वरून जरासं दाबलं तर गुंगीतसुद्धा घोडीने कान मागे टाकले. लगाम ओढला की गाल आणि हिरडी बरोबर त्याच्यावर घासायची, आणि आम्ही तिला हट्टी म्हणत होतो.

आता खरा राग कशाचा ते सांगते. डॉक्टर मिळाले होते, पैसे तयार होते, पण आमची घोडी ज्या तबेल्यात होती तिथल्या ऑफिसचा नियम असा की बाहेरचा व्हेट गेटच्या आत घ्यायचा तर कमिटीची परवानगी हवी. अर्ज दिला. सेक्रेटरी सुट्टीवर. मग फॉर्मचा नमुना बदलला म्हणे, परत द्या. मग "आमचे डॉक्टर बघतील", आणि ते आले तर ओठ उचलून पुढचे दात बघितले, जंताचं औषध लिहून दिलं आणि गेले, आत बोटही घातलं नाही. तेवढ्या काळात ट्रेनरचं नोजबँड आवळणं चालूच, आणि शेवटी घोडी ब्रायडलचा (लगाम अडकवायच्या डोक्यावरच्या पट्ट्यांचा) बकल वाजला तरी मागच्या पायांवर उभी राहायला लागली. आमचे डॉक्टर एकदाचे आत आल्यावर दात एका सकाळीत काढून झाला, पण ती भीती जायला पूर्ण पावसाळा गेला. परळला व्हेटर्नरी कॉलेज १८८६ पासून आहे, आणि मुंबईत घोड्याचं तोंड नीट उघडून बघणारा माणूस आत आणायला आपण शिक्के गोळा करतोय. असो.

तर तुमच्याकडेही परवानगी लागत असेल तर व्हेट आणायचा अर्ज आजच टाका, ईमेलने टाका म्हणजे तारीख राहते, आणि उत्तर येईपर्यंत लगाम बंद म्हणजे बंद. मोहरकीवर चालवा, कॅव्हेसनवर (तोंडात काही न घालता नाकावर बसणारा पट्टा) लंज करा, घोडा शिकलेलं काही विसरत नाही. पेल्हमबद्दल माझं मत विचाराल तर तो दुखतंय म्हणून सांगणाऱ्या घोड्याचा आवाज दाबायचा प्रकार आहे, आणि आवळलेला नोजबँडही तेच करतो. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, गालाच्या बाजूला नाही, तिथे कितीही आवळलं तरी बोट जातंच. जाड लगाम मऊ असतो हेही सरसकट खरं नाही, काही घोड्यांची जीभ इतकी मांसल असते की जाड लगामाला तोंडात जागाच नसते.

हां, पण प्रत्येक वेळी वुल्फ टूथच दोषी असं नाही, कित्येक घोडे तो घेऊन आयुष्यभर मजेत चालतात, त्यामुळे माझं वाचून उगाच काढायला लावू नका. पाठ दुखत असेल, खोगीर बसत नसेल, स्वाराचा हात जड असेल तरी घोडा डोकं फेकतोच. आणि काढायचाच ठरला तर आधी धनुर्वाताच्या लसीचं बघा, घोड्यांना धनुर्वात फार पटकन धरतो.

जाता जाता, बाजारातला चकचकीत निकेलच्या मुलाम्याचा लगाम आपल्या खाऱ्या हवेत लवकर सोलतो आणि त्या कडेने ओठाचा कोपरा चिरतो. स्टेनलेस स्टीलच घ्या, रोज कडीच्या सांध्यावरून अंगठा फिरवून बघा. तपासणी झाली की डॉक्टरांकडून कुठला दात, कुठली बाजू हे लेखी घ्या आणि त्याची कॉपी ट्रेनरला द्या, तोंडी सांगितलेलं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. डोकं फक्त डावीकडेच फेकतो का दोन्हीकडे, तेवढं सांगाल का?