‘पुढच्या पिढीसाठी’ असं म्हणून वर्गणी का जमत नाही?

प्रश्न : आमची सोसायटी सहकारनगरमध्ये, आंबिल ओढ्यापासून जवळच. २०१९ च्या सप्टेंबरातली पुराची रात्र आम्ही पाहिली आहे आणि उन्हाळ्यात टँकरही मागवतो. गच्चीवरचं पाणी बोअरमध्ये जिरवायचा प्रस्ताव मी वार्षिक सभेत मांडला. ‘पुढच्या पिढीसाठी एवढं तरी करू या,’ म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण वर्गणी मोजक्यांनीच दिली. आता तेही पैसे परत मागताहेत. सातवीतली नात म्हणते, ‘‘आजोबा, तुम्ही नीट सांगितलं नसेल.’’ नीट सांगायचं म्हणजे कसं?
– एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : माना डोलावणारे तुमचे शेजारी खोटं वागत होते, असं मला वाटत नाही. मी आयुष्यभर समाजशास्त्र शिकवलं. २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेला ओलिव्हर हाउझर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग तुमच्या सभेला अगदी चपखल लागू पडतो.

त्यात पाच-पाच जणांचे गट होते. समोर १०० एककांचा साठा, प्रत्येकाने २० पर्यंत हवं तेवढं घ्यायचं. पाचांनी मिळून निम्म्याच्या आत घेतलं, तर पुढच्या गटाला साठा पुन्हा पूर्ण भरून मिळणार. त्याहून जास्त उचललं, तर पुढच्यांच्या हाती काहीच नाही. पुढचा गट अनोळखी, तो उपकार फेडायला येणार नव्हता. तरीही बहुसंख्य लोकांनी हात आखडता घेतला! साठा मात्र संपत गेला, कारण एक-दोघांनी ओरबाडलं की बाकीच्यांचा संयम फुकट जायचा. मग संशोधकांनी मतदान आणलं : किती घ्यावं ते प्रत्येकाने सांगायचं, आणि आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं मत सगळ्यांना लागू. साठा टिकला. पण निकाल काहींनाच बंधनकारक ठेवला, तेव्हा मतदानाचाही उपयोग झाला नाही.

तेव्हा, तुमचं बोलणं कमी पडलं नाही. ऐच्छिक वर्गणी घात करते आहे. पैसे परत मागणाऱ्यांवर कृपा करून रागावू नका, आपण एकटेच भरतोय असं त्यांना दिसतं आहे. ठराव मांडा, मतं घ्या आणि खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये हप्त्याने लावा. एखाद्या घराला ते जड जात असेल, तर त्याची सोय ठरावातच लिहा.

आता सांगण्याबद्दल. ‘पुढची पिढी’ या शब्दांना चेहरा नसतो. जपानमधल्या याहाबा या गावात २०१५ साली अर्थशास्त्रज्ञ तात्सुयोशी साइजो यांच्या ‘फ्युचर डिझाइन’ कल्पनेनुसार काही रहिवाशांना सांगितलं, की तुम्ही २०६० सालचे गावकरी आहात असं समजून बोला. पाणीपट्टी वाढवायला तिथल्या लोकांनीच संमती दिली. तुमच्या सभेतही दोघा-तिघांना २०६० मधल्या तुमच्याच इमारतीतले रहिवासी म्हणून बोलू द्या. तेव्हा बोअरला पाणी किती लागेल, ओढ्याला पाणी आलं तर पार्किंगचं काय होईल, हे त्यांनी सांगावं. सुरुवातीला सगळे अवघडतील, चालेल.

पुराची आठवण आणि टँकरचं बिल एकत्र ठेवा. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात २०१७ साली दिसलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिमुसळधार, दूरवर पसरलेल्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. थोड्या वेळात कोसळून वाहून जाणारं पाणी जमिनीत मुरत नाही. हे सभेत सांगताना ‘क्लायमेट चेंज’ हा शब्द उच्चारायचीही गरज नाही, ओढ्याचं नाव पुरे आहे.

नातीला सभेत जरूर न्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनारी भागातल्या शाळकरी मुलांना हवामानबदल शिकवला, तेव्हा त्यांच्या आईवडिलांचीही काळजी वाढली. वडिलांमध्ये आणि राजकीयदृष्ट्या उजव्या विचारांच्या पालकांमध्ये ती जास्त वाढली, आणि मुलग्यांपेक्षा मुलींचा प्रभाव अधिक पडला. हा अभ्यास २०१९ चा. मात्र सोसायटीचं मन वळवायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. २०२१ साली भारतासह १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांना विचारलं, तेव्हा ५९ टक्के हवामानबदलामुळे खूप किंवा अतिशय चिंतेत होते. तिने बोअरच्या पाण्याची पातळी मोजून ती सभेत वाचून दाखवली तर उत्तम. पैशांचा वाद मोठ्यांनी सोडवावा.

आणि हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात ढकलू देऊ नका. ठरावाचा मसुदा, खर्चाचा अंदाज आणि दर घरामागचा मासिक हप्ता सभेच्या नोटिशीबरोबरच सगळ्यांना द्या, म्हणजे लोक घरी बोलून येतील.