कपाटाचं कुलूप

"मॅडम, बोलले तर मी दुष्ट आणि गप्प बसले तर बेजबाबदार. आता तुम्हीच सांगा." खुर्चीत नीट बसायच्या आधीच ती म्हणाली. तिची १३ वर्षांची मुलगी बाहेर थांबली होती. मुलांच्या वाढत्या वजनाची काळजी घेऊन येणाऱ्या आईवडिलांचे शब्द वेगळे असतात, पेच बहुधा हाच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

खाऊच्या कपाटाला कुलूप होतं, चावी आईच्या पर्समध्ये. तरीही गादीखाली रिकामी पाकिटं सापडायची. दर रविवारी वजनकाटा. त्यावर मुलीचं एकच उत्तर, "शरीर माझं आहे, माझं मी बघेन." वडील मध्ये पडत नसत. नातेवाइकांचं म्हणाल तर "आईचं लक्ष नाही" आणि "वाढत्या वयात पोरीला उपाशी ठेवतेस का?" ही दोन्ही वाक्यं कधीकधी एकाच तोंडून यायची.

पहिल्या भेटीत मीही चुकले. मुलगी आत आल्याआल्या वजनाचाच विषय काढला. ती वीस मिनिटं खिडकीबाहेर बघत बसली. पुढच्या वेळी मी फक्त कुलपाबद्दल विचारलं, तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं. "भूक नसते. पण कुलूप दिसलं की तेच हवं होतं. कधी उघडं सापडलं तर पटापट खाते, परत कधी मिळेल काय माहीत!"

जेनिफर फिशर आणि लिअॅन बर्च यांनी लहान मुलांवर केलेले प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांतही हेच दिसलं होतं. डोळ्यांसमोर ठेवून ज्या खाऊला बंदी केली, त्याच्याभोवतीच मुलांचं मन घुटमळायला लागलं. हे मी आईला सांगितलं. तिला पटलं नाही. "मग काय, मोकाट सोडू?"

बोलता बोलता मानेचा विषय निघाला. मुलीची मान काळी दिसते, मळ साचलाय म्हणून आई आंघोळीच्या वेळी खसाखसा घासायची. मुलीने केस वर बांधणंच सोडलं होतं. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं की मानेवर, काखेत त्वचा अशी जाड आणि काळपट होऊ शकते. पुढच्या भेटीत आई बराच वेळ रडली. "दोन वर्षं घासतेय हो मी." एवढंच म्हणत राहिली.

ताटात तेच, तेवढंच घेणारा धाकटा भाऊ काटकुळा. त्याला कोणी काही विचारत नसे. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्यांशी जुळली, वाढवणाऱ्यांशी नाही. म्हणजे सगळं नशिबावर सोडा, असं मी म्हणत नाही. पण जाड मूल दिसलं की आईच्या संस्कारांचा पंचनामा सुरू करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

वडील तिसऱ्या भेटीला आले. भरपूर अंगाचे, कमी बोलणारे. लहानपणी त्यांना घरात सगळ्यांदेखत चिडवलं जाई. "मी माझ्या पोरीला एक शब्द बोलणार नाही, असं तेव्हाच ठरवलं होतं." मला गलबलून आलं. तरी विचारावं लागलं, की रोज रात्री टीव्हीसमोर फुटणारी पाकिटं कोण आणतं? ते हसले, मग खाली बघू लागले.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ आणि कुटुंब-समुपदेशक. त्यांनी सुचवलेली वाटणी मी चौघांसमोर मांडली: घरात काय शिजेल, काय येईल आणि कधी खायचं, हे आईवडिलांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, की खायचंच नाही, ते मुलांनी. मुलीला म्हटलं, "शरीर तुझं, कबूल. पण या वयात घरात काय येतं ते तुझ्या एकटीच्या हातात नाही. मग त्याचा दोषही तुझ्या एकटीचा कसा?" ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती.

तिने अट घातली. घरी वजन करायचं नाही, डॉक्टर करतील तेवढंच. आणि कुणी तिच्या अंगावरून बोललं तर आईने तिथल्या तिथे थांबवायचं. आईच्या मते दुसरी अट जास्त अवघड होती. सासूबाईंना थांबवायचं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

पहिले दोन आठवडे मुलीने जास्तच खाल्लं. आईचा रात्री फोन, "मॅडम, हे चुकतंय." मी धीर धरा म्हटलं, आतून मलाही धाकधूक होतीच. हळूहळू गादीखालची पाकिटं थांबली. वडील आणि मुलगी संध्याकाळी चालायला जाऊ लागले. तिथे ते काय बोलतात, हे आईला दोघांपैकी कोणीही सांगत नाही, अशी तिची तक्रार आहे.

वजन थोडंच हललंय. रक्ततपासण्या डॉक्टर बघताहेत.

मागच्या आठवड्यात आईने पैसे काढायला पर्स उघडली, तर आत ती चावी. कुलूप काढून चार महिने झाले. माझी नजर गेलेली तिला कळली. "असू दे हो मॅडम," ती ओशाळून म्हणाली, "अजून हिंमत होत नाही टाकायची."