कँटोनीजमध्ये ‘बडा माणूस’, ‘प्रतिष्ठा’ यांसाठी बोलीतले शब्द कोणते?

तुम्ही हाँगकाँगला नोकरीसाठी जाताय आणि शब्दकोशातले नव्हे, तर लोकांच्या तोंडचे शब्द हवे आहेत, म्हणून तेवढेच सांगतो. रोमनमध्ये बी, डी, जी लिहितात तिथे उच्चार प, त, कच्या जवळ जातो, त्यामुळे देवनागरी इथे जास्त कामाची. सूर मात्र कुणाकडून तरी ऐकूनच शिका.

सगळ्याचं मूळ ‘मिन’, म्हणजे चेहरा. आपल्याकडे अब्रूच्या बाबतीत नाकाला जो मान, तो तिथे चेहऱ्याला. ‘यौ मिन’ म्हणजे मान आहे, ‘मोउ मिन’ म्हणजे शोभा झाली. ‘पेइ मिन’ म्हणजे समोरच्याचा मान राखणं. हा शब्द सगळ्यात आधी पाठ करा, कारण वरिष्ठाने जेवायला बोलावलं आणि तुम्ही गेलात, की तुम्ही त्याला ‘मिन’ दिलात. समाजातल्या मातब्बर माणसाला ‘यौ थौ यौ मिन’ म्हणतात: डोकंही आहे, चेहराही आहे.

कुणाच्या मुलीने बक्षीस मिळवलं तर ‘होउ वै-सोय!’, म्हणजे ‘फारच भारी!’. यात मनापासूनचं कौतुक आहे.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘पा-पै’. अर्थ जबरदस्त, भारी. पण ‘होउ पा-पै आ?’ असं विचारलं की ‘स्वतःला फार मोठा समजतोस का?’. हा शब्द आपल्या ‘बाप रे’वरून आला असं तिथे सांगतात. पुराव्याने सिद्ध झालेलं नसलं तरी मला ते अशक्य वाटत नाही. मुंबईचे पारशी व्यापारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीला मोठी देणगी देणारे सर होरमसजी मोदी मुंबईचेच, आणि चिम शा चुईत त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे.

पत्त्यावरूनही पत कळते. ‘पून-सान’ म्हणजे अर्ध्या डोंगरावरची वस्ती, ‘सान-तेंग’ म्हणजे माथा. ब्रिटिश राजवटीतल्या 1904च्या कायद्याने माथ्यावर चिनी लोकांना राहायला बंदी होती, ती 1946मध्ये उठली. तिथल्या घराला आजही जो रुबाब आहे, त्यामागे हा कडू इतिहास आहे.

ऑफिसात बड्या अधिकाऱ्याला ‘ताय-लप-लोउ’ म्हणतात, शब्दशः ‘मोठ्या दाण्याचा माणूस’. पण हे त्याच्या पाठीमागे. तोंडावर आडनाव आधी आणि मग ‘सांग’, म्हणजे चान साहेबांना ‘चान सांग’.